इंटरनेटच्या क्रमांकांचा कारभारी

मुंबईचा एसटीडी कोड २२ आणि रत्नागिरीचा २३५२. मुंबईत दूरध्वनी भरपूर, म्हणून कोड दोन आकडी ठेवून पुढच्या क्रमांकाला आठ आकडे दिले. रत्नागिरीत कोड चार आकडी आणि क्रमांक सहा आकडी. बेरीज दोन्हीकडे दहाच. इंटरनेटवर संगणकाला मिळणाऱ्या आयपी पत्त्यांची पहिली मोठी वाटणी अशाच हिशोबाने झाली होती. या क्रमांकांची नोंद पाव शतकाहून अधिक काळ सांभाळली ती जोनाथन पोस्टेल यांनी.

पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी अमेरिकेत, कॅलिफोर्नियात झाला. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ते शिकत असताना, १९६९ मध्ये, तिथल्याच प्रयोगशाळेतून ‘अर्पानेट’ या इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावरचा पहिला संदेश गेला. त्या प्रयोगशाळेत पोस्टेलही काम करत होते. जाळ्याचे नियम ठरवणारी टिपणे संपादित करण्याचे काम त्याच वर्षी त्यांच्याकडे आले आणि ते त्यांनी अखेरपर्यंत केले. कोणता क्रमांक कोणाला दिला, याची यादीही तेच ठेवू लागले. १९७४ मध्ये डॉक्टरेट मिळाली. १९७७ पासून ते सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत होते. लांब दाढी, पायात सँडल आणि सुटीत डोंगर चढण्याची हौस, अशी त्यांची ओळख होती.

आयपी पत्ता म्हणजे ३२ बिट, अर्थात शून्य आणि एक यांची ३२ घरे. लिहिताना त्यांचे चार आकडे करतात. प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. पत्त्याचा सुरुवातीचा भाग जाळे सांगतो, उरलेला भाग त्या जाळ्यातला संगणक. आधीच्या आराखड्यात जाळ्यासाठी फक्त पहिला आकडा होता. म्हणजे जगात फार तर २५६ जाळी! छोटी स्थानिक जाळी वाढू लागली तेव्हा हे पुरणार नाही हे उघड झाले.

सप्टेंबर १९८१ मध्ये पोस्टेल यांनी संपादित केलेल्या नियमावलीत यावर तोडगा आला: पत्त्यांचे वर्ग. पहिला आकडा १ ते १२६ असेल तर ‘ए’ वर्ग. जाळ्याला एक आकडा, संगणकांना तीन. अशा एका जाळ्यात १ कोटी ६७ लाखांहून अधिक संगणक मावतात. पहिला आकडा १२८ ते १९१ असेल तर ‘बी’ वर्ग; दोन आकडे जाळ्याला, दोन संगणकांना, क्षमता ६५,५३४. पहिला आकडा १९२ ते २२३ असेल तर ‘सी’ वर्ग. तीन आकडे जाळ्याला, एक संगणकांना, क्षमता २५४. (० आणि १२७ हे आकडे खास कामांसाठी राखीव.) पहिला आकडा पाहिला की जाळे कुठे संपते ते यंत्राला कळे.

अडचण मधल्या आकाराची होती. एक हजार संगणक असलेल्या विद्यापीठाला ‘सी’ अपुरा, म्हणून ‘बी’ द्यावा लागे आणि साठ हजारांहून अधिक पत्ते पडून राहत. शिवाय एवढे मोठे जाळे आतून विभागांमध्ये कसे वाटायचे?

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर १९८५ मध्ये आले. जेफ्री मोगल यांच्यासह पोस्टेल यांनी उपजाळ्यांची, म्हणजे सबनेटची, प्रमाण पद्धत लिहिली. त्यातला मास्क हा पत्त्यावर ठेवायचा साचा आहे: २५५ असेल तिथला भाग जाळ्याचा, ० असेल तिथला संगणकाचा. वर्गाला साजेसा मास्क तो डिफॉल्ट. ‘ए’साठी २५५.०.०.०, ‘बी’साठी २५५.२५५.०.० आणि ‘सी’साठी २५५.२५५.२५५.०. ‘बी’ वर्गाच्या जाळ्यावर ‘सी’चा मास्क लावला की त्याचे २५६ तुकडे पडतात आणि प्रत्येक विभागाला आपापला तुकडा मिळतो. जाळ्याची सीमा आता वर्गाबरोबर मास्कही ठरवू लागला. १९९३ मध्ये वर्गच रद्द झाले आणि गरजेएवढेच पत्ते देता येऊ लागले.

तोपर्यंत इंटरनेट हा मोठा व्यवहार झाला होता, तरी मूळ साठ्याची किल्ली पोस्टेल यांच्या छोट्या कार्यालयाकडेच होती. या अधिकाराला कायद्यापेक्षा लोकांच्या विश्वासाचा आधार जास्त होता. जानेवारी १९९८ मध्ये त्यांनी मूळ नाव-सर्व्हर चालवणाऱ्या आठ जणांना, नावांची यादी आपल्या सर्व्हरवरून घ्या, असे कळवले आणि त्यांनी तसे केले. अमेरिकी सरकारने हरकत घेतल्यावर पोस्टेल यांनी ही चाचणी होती असे सांगून बदल मागे घेतला. एवढी सत्ता एका माणसाच्या हाती असावी का, हा प्रश्न मात्र उभा राहिला. त्याच वर्षी हे काम सांभाळण्यासाठी ‘आयकॅन’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या उभारणीत ते स्वतः होते, पण तिचे काम पाहायला ते राहिले नाहीत. हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत होऊन १६ ऑक्टोबर १९९८ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

सुमारे ४२९ कोटी पत्त्यांच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटले गेले. आता १२८ बिटांचे नवे पत्ते जुन्यांच्या जोडीने चालतात. घरातल्या वायफायच्या सेटिंगमध्ये मात्र बहुधा अजूनही २५५.२५५.२५५.० हाच मास्क दिसेल. वर्ग गेले, पण ‘सी’ वर्गाचे हे माप घरोघरी टिकून आहे.