अर्जदारांचा कैवारी

राष्ट्राध्यक्षपदावरून उतरलेल्या माणसाने पुढे काय करावे, याविषयी अमेरिकेची राज्यघटना मौन पाळते. जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी या प्रश्नाचे जे उत्तर दिले, ते त्यांच्यानंतर कोणाही माजी अध्यक्षाने दिले नाही. १८३० साली त्यांनी प्रतिनिधिगृहाची निवडणूक जिंकली आणि १८३१ पासून अखेरपर्यंत मॅसॅच्युसेट्सचे एक साधे सभासद म्हणून ते त्या सभागृहात बसले.

वस्तुतः मानसन्मानास ते अपरिचित नव्हते. दुसरे अध्यक्ष जॉन ॲडम्स यांचे हे चिरंजीव. युरोपातील चार दरबारी त्यांनी वकिलात केली, पुढे परराष्ट्रमंत्रिपद भूषविले. १८२४ च्या निवडणुकीत चार उमेदवारांपैकी कोणालाच बहुमत मिळाले नाही. जॅक्सन यांना ९९, तर ॲडम्स यांना ८४ निर्वाचक मते पडली. अशा वेळी निवड प्रतिनिधिगृह करते आणि तेथे सभासदागणिक नव्हे, तर राज्यागणिक एक मत असते. २४ पैकी १३ राज्यांनी ॲडम्स यांना कौल दिला. त्यांना साहाय्य करणारे हेन्री क्ले लगेच परराष्ट्रमंत्री झाले, तेव्हा सौदेबाजीचा जो गवगवा झाला तो शेवटपर्यंत शमला नाही. १८२८ मध्ये जॅक्सन यांनी त्यांचा पराभव केला. अध्यक्ष म्हणून ॲडम्स अयशस्वीच ठरले, हे मान्य केले पाहिजे.

त्यांचे खरे कर्तृत्व त्यानंतरचे. सरकारकडे गाऱ्हाणे मांडण्याचा नागरिकांचा हक्क १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने सुरक्षित केला होता. परंतु गुलामगिरीविरुद्ध अर्जांचा ओघ वाढताच, असे सर्व अर्ज चर्चेविना दप्तरी दाखल करावेत, असा ठराव १८३६ मध्ये प्रतिनिधिगृहाने केला. कारकुनी भाषेत ही केवळ कार्यपद्धती होती; प्रत्यक्षात ती मुस्कटदाबी होती. ॲडम्स गुलामगिरीचे द्वेष्टे खरे; तथापि राजधानीच्या प्रदेशातील गुलामगिरी तत्काळ रद्द करावी, ही अर्जदारांची मागणी त्यांना स्वतःला मान्य नव्हती. तरीही अर्ज त्यांनीच मांडले. मागणी पटो वा न पटो, ती ऐकली गेलीच पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

१८३७ मध्ये त्यांनी सभापतींना विचारले, की गुलामांच्या नावाने आलेला एक अर्ज या नियमात बसतो काय? दक्षिणेकडील सभासद खवळले. ॲडम्स यांच्या निषेधाची, हकालपट्टीची भाषा सुरू झाली. मग त्यांनी शांतपणे खुलासा केला, की अर्जातील मागणी गुलामगिरी रद्द करण्याची नव्हतीच, उलट तिच्या बाजूची होती! १८४२ मध्ये, संघराज्य विसर्जित करावे असा काही नागरिकांचा अर्ज मांडल्याबद्दल पुन्हा निषेधाचा ठराव आला. सुमारे दोन आठवडे चौऱ्याहत्तर वर्षांचा हा वृद्ध एकटा झुंजला. अखेर विरोधकांनाच ठराव बाजूला ठेवावा लागला. मध्यंतरी १८४१ मध्ये ‘आमिस्ताद’ जहाजावरील आफ्रिकी बंदिवानांची बाजू त्यांनी सर्वोच्च न्यायालयात मांडली आणि ते बंदिवान मुक्त झाले.

३ डिसेंबर १८४४ रोजी, ॲडम्स यांच्याच प्रस्तावावर, १०८ विरुद्ध ८० मतांनी तो नियम रद्द झाला.

२१ फेब्रुवारी १८४८ रोजी मेक्सिको युद्धातील सेनानींच्या गौरवाचा ठराव सभागृहापुढे असताना, त्यास विरोध नोंदवून थोड्याच वेळात ॲडम्स आपल्या आसनावर कोसळले. त्यांना सभापतींच्या दालनात हलविण्यात आले. तेथेच २३ तारखेस त्यांचे निधन झाले. अब्राहम लिंकन नावाचे इलिनॉयचे एक नवखे सभासद त्या वेळी त्याच सभागृहात होते.