न्यूयॉर्कहून गावी परतलेले सूर : मायकेल कोलमन

१९१४ च्या ऑक्टोबर महिन्यात, युरोपात महायुद्ध पेटून जेमतेम तीन महिने होत असताना, आयर्लंडच्या स्लायगो काउंटीतील तेवीस वर्षांचा एक शेतकरीपुत्र अमेरिकेत पोहोचला. शेती लहान, भावंडे सात आणि त्यांत हा शेंडेफळ. पश्चिम आयर्लंडमधील अशा धाकट्या मुलांच्या नशिबी त्या काळी बहुधा बोटीचे तिकीटच असे. मायकेल कोलमन यांच्या गाठीला वेगळे काही होते, तर ते फिडलवर बसलेला हात.

फिडल म्हणजे व्हायोलिनच. वाद्य एकच, सिंफनीच्या सभागृहात त्याला व्हायोलिन म्हणतात, नाचाच्या साथीला बसले की ते फिडल होते. कोलमन यांचा जन्म ३१ जानेवारी १८९१ रोजी बॅलीमोटजवळच्या किलाव्हिल भागात झाला. वडील बासरी वाजवीत आणि घरी वादकांचा सतत राबता असे. चुलीपाशी गप्पा, मग वादन, मग नाच, असा तिथला रिवाज. शिकणे कानाने होई. थोरला वादक एक धून पुनःपुन्हा वाजवी, मूल ती ऐके, मोडकीतोडकी उचले आणि पुढच्या बैठकीपर्यंत घोटत बसे. आपल्याकडे ज्याला तालीम म्हणतात तिच्यातली शिस्त इथे उघडपणे दिसत नसली, तरी गळती तितकीच निर्दय होती. ज्याचा कान कच्चा तो आपोआप मागे पडे. फिलिप ओबर्न यांच्यासारखे फिडलवादक परिसरातच होते. जॉनी गोरमन हे भटके पाइपवादकही येत. कोपराखालच्या भात्यावर चालणाऱ्या आयरिश पाइपमधील दाणेदार सुरावट फिडलवर उतरवण्याची ओढ कोलमन यांना तिथूनच लागली, असे मानले जाते.

१९०९ आणि १९१० साली स्लायगोच्या संगीतस्पर्धेत त्यांना तिसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. गावातील जाणते तर त्यांचा थोरला भाऊ जिम हाच खरा वादक, असे सांगत.

अमेरिकेत ते प्रथम मॅसॅच्युसेट्समधील लॉवेल या गिरण्यांच्या गावी आले. पुढे कीथ नाट्यगृहांच्या साखळीत त्यांना काम मिळाले. विनोदी नकला, कसरती आणि गाणी यांच्या मिश्र कार्यक्रमात काही मिनिटांचा वाटा त्यांचा असे. ते उत्तम नर्तकही होते. १९१७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांनी विवाह केला आणि तेच शहर कायमचे घर झाले. नृत्यगृहे, लग्नकार्ये, आयरिश मंडळांचे समारंभ आणि शिकवण्या यांवर संसार चालला.

१९२१ मध्ये त्यांचे पहिले ध्वनिमुद्रण झाले. अमेरिकेत स्थायिक झालेला आयरिश समाज हे मोठे गिऱ्हाईक आहे, हे तबकडी कंपन्यांच्या ध्यानात आले होते. व्होकॅलियन, कोलंबिया आणि पुढे डेका यांसाठी १९३६ पर्यंत कोलमन वाजवत राहिले. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या ऐकलेल्यांना हा जाच ठाऊक आहे. आयरिश रील दोन भागांची. प्रत्येक भाग दोनदा वाजवला, तरी पाऊण मिनिटाच्या आत संपते. नाचासाठी एकच धून कितीही वेळ फिरवता येई. तबकडीवर ती कंटाळवाणी झाली असती. म्हणून दोन किंवा तीन धुना एकापाठोपाठ गुंफल्या जात. त्या मोजक्या आवर्तनांत कोलमन दर वेळी काही बदलत. मुख्य स्वराला वरखालच्या स्वरांचा निसटता स्पर्श देणारा ‘रोल’ हा अलंकार आपल्या मुरकीची आठवण करून देतो. तो त्यांच्या हातून इतक्या सहज येई, की वेगाचे भानच राहत नाही. गजाचा एकच लांब फटका अनेक स्वर ओढून नेई. साथीचा पियानो मात्र पुष्कळदा चुकीच्या घरात शिरतो. कंपनीने बसवलेल्या काही साथीदारांना हे संगीत अवगत नव्हते आणि ऐकणाऱ्याला ते आजही जाणवते.

या तबकड्या आयर्लंडला गेल्या. परदेशी गेलेल्या मुलांनी त्या घरच्यांना धाडल्या, काहींनी ग्रामोफोनही पाठवला. सुई उचलून मागे ठेवत, तबकडी झिजेपर्यंत खेड्यापाड्यांतील वादक शिकू लागले. जेम्स मॉरिसन आणि पॅडी किलोरन या स्लायगोच्याच, न्यूयॉर्कला गेलेल्या वादकांच्या तबकड्याही त्याच वाटेने आल्या. त्याआधी उत्तरेकडील डोनेगलचा गज वेगळा, नैर्ऋत्येकडील केरीचा वेगळा. दहा-वीस मैलांवर लकब बदले. आता दूरदूरची मुले स्लायगोच्या ढंगाने वाजवू लागली. आपल्या गावचे जुने वादन काहींना ओबडधोबड वाटू लागले, काहींनी फिडल खुंटीला टांगले. याचा दोष कोलमन यांच्या माथी मारणे अन्याय्य ठरेल. त्यांनी वाजवले ते आपल्या परगण्याचेच. त्याला राष्ट्राचे मापदंड केले ते तबकडीने. या परंपरेचा सर्वांत वापरला जाणारा, १००१ धुनांचा संग्रहही १९०७ मध्ये शिकागोत निघाला आणि त्याचे संकलक फ्रान्सिस ओनील हे आयर्लंडमधून आलेले, त्या शहराचे माजी पोलीसप्रमुख होते. मायदेशाचे संगीत अशा रीतीने दोनदा परदेशात बांधले गेले.

१९२९ नंतरच्या मंदीने तबकड्यांचा बाजार बसला. तरीही १९३४ मध्ये डेकासाठी त्यांनी ‘टारबोल्टन’, ‘लाँगफर्ड कलेक्टर’ आणि ‘सेलर्स बॉनेट’ या तीन रील एका दमात वाजवल्या. ‘टारबोल्टन’ सुरू झाली, की पुढच्या दोन कोणत्या, हे आज डब्लिनपासून बॉस्टनपर्यंतच्या बैठकींत कोणाला सांगावे लागत नाही. १९३६ नंतर कंपन्यांसाठी मुद्रण झाले नाही. नाव सर्वदूर होते, मिळकत बेताची. ४ जानेवारी १९४५ रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, न्यूयॉर्कमध्येच त्यांचे निधन झाले. त्या ऑक्टोबरनंतर ते आयर्लंडला परतले नाहीत.

त्यांचे वादन अगदी जवळून ऐकत वाढलेला अँडी मॅकगन हा मुलगा १९२८ साली न्यूयॉर्कमध्येच जन्मलेला. पुढे तो स्लायगो शैलीचा मोठा वादक झाला. किलाव्हिलजवळच्या गर्टीन गावी आता कोलमन यांच्या नावाचे संगीतकेंद्र आहे. तिथे त्यांच्या तबकड्या ऐकायला मिळतात. आयर्लंडमध्येच राहिलेल्या जिम यांची तबकडी मात्र कधी निघालीच नाही.