बाळू पालवणकर

नोव्हेंबर १९३३ मध्ये महात्मा गांधी हरिजन-दौऱ्यावर रायपूरला आले होते, हे येथील जुन्या मराठी कुटुंबांना ठाऊक आहे. त्या दौऱ्यामागे सप्टेंबर १९३२ चा पुणे करार होता. या करारावर स्वाक्षरी करणाऱ्यांत बाळू पालवणकर हे एक क्रिकेटपटू होते, ही गोष्ट मात्र आमच्या पुष्कळ वाचकांना नवी वाटेल. त्यांचे चरित्र येथे थोडक्यात देत आहो.

पालवणकर हे मूळचे कोकणातील चर्मकार कुटुंब. बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडला झाला आणि वडिलांच्या लष्करातील नोकरीमुळे बालपण पुण्यात गेले. लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूंवर बाळू आणि त्यांचे भाऊ क्रिकेट शिकले. पारशांच्या एका क्लबात खेळपट्टी झाडण्याचे व त्यावर रूळ फिरवण्याचे काम बाळूंना मिळाले; पगार महिना तीन रुपये. तेथून ते युरोपियनांच्या जिमखान्यात गेले आणि पगार चार रुपये झाला. जाळी बांधावी, खेळपट्टी आखावी आणि साहेब सरावाला आले की त्यांना चेंडू टाकावेत, असा दिनक्रम. बॅट हाती घेण्याची मुभा नव्हती! कॅप्टन ग्रेग हे त्या काळचे नामांकित फलंदाज. ते बाद झाले की दर वेळी बाळूंना आठ आणे देत, असे सांगतात.

आमच्या मते बाळूंची गोलंदाजी घडली ती या चाकरीतच. संथ गतीचा डावखुरा गोलंदाज टप्प्यावर जगतो, आणि टप्पा साधतो तो हजारो चेंडू टाकून. बाळूंचा हात सहज फिरे, थकवा ठाऊक नसे. चेंडू हवेत किंचित वळे, पडल्यावर कधी बाहेर तर कधी आत येई, आणि गती न कळत बदललेली असे. सैल चेंडूची वाट पाहणाऱ्या फलंदाजाला दिवसभर वाटच पाहावी लागे.

पुण्यातील हिंदूंना युरोपियनांना हरवायचे होते, म्हणून त्यांनी बाळूंना संघात घेतले. मैदानावर त्यांनी हाताळलेला चेंडू सर्वांना चाले. चहाच्या वेळी मात्र त्यांना तंबूबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे आणि जेवणाचे ताट वेगळे असे. पुढे ते मुंबईस आले, रेल्वेत नोकरीला लागले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. (नोकरीपायी गाव सोडण्याचा अर्थ आम्हा रायपूरकर मराठी मंडळींना वेगळा सांगायला नको.) फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांवर १०९ धावांनी विजय मिळवला. अखेरच्या डावात युरोपियन १०२ धावांत गारद झाले, त्यात बाळूंचा वाटा मोठा होता. बंधू शिवरामही त्या संघात होते.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. पण पस्तिशीतल्या बाळूंनी सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. लिस्टरशायरवर जो विजय मिळाला, त्यात त्यांचे ११ बळी होते. परतल्यावर दलित समाजाने मुंबईत त्यांचा सत्कार केला.

प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१. असा खेळाडू हिंदू संघाचा कर्णधार कधी झाला नाही. १९२० मध्ये या अन्यायाविरुद्ध पालवणकर बंधूंनी संघातून अंग काढून घेतले, तेव्हा कुठे बाळूंना परत बोलावून उपकर्णधारपद देण्यात आले. कर्णधारपद मिळाले ते धाकटे बंधू विठ्ठल यांना, १९२३ मध्ये. आणि त्या वर्षी हिंदूंनी चौरंगी सामने जिंकले.

राजकारणात बाळू गांधीजींच्या बाजूने राहिले. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे केले. चुरशीच्या लढतीत ते सुमारे दोन हजार मतांनी पडले. काँग्रेसने ही जोडी अशी समोरासमोर उभी करायला नको होती, असे आम्हांस वाटते. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले.