ध्वनीचा हिशेब मांडणारा जमीनदार

घरच्या घरी लाउडस्पीकर तयार करणारे हौशी लोक जगभर आहेत. त्यांच्यापैकी काहींच्या स्पीकरला खोकाच नसतो. सपाट फळीला भोक पाडून त्यात स्पीकर बसवायचा आणि त्याची मागची बाजू मोकळी सोडायची, एवढीच रचना. उंच स्वरांसाठी ते ‘रिबन’ वापरतात. रिबन म्हणजे दोन चुंबकांच्या मधे बसवलेली, केसापेक्षाही पातळ अशी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी. तिच्यातून विद्युतप्रवाह गेला की ती मागे-पुढे थरथरते आणि दोन्ही बाजूंना आवाज देते. हा छंद विसाव्या शतकातला. पण फळी किती रुंद हवी आणि आवाज कोणत्या दिशेला जाईल, हे ज्या गणिताने ठरते ते एका इंग्रज उमरावाने एकोणिसाव्या शतकातच व्यवस्थित मांडून ठेवले होते. त्यांचे नाव लॉर्ड रॅले.

जॉन विल्यम स्ट्रट हे त्यांचे मूळ नाव. 12 नोव्हेंबर 1842 रोजी इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात एका मोठ्या जमीनदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. लहानपणापासून प्रकृती तोळामासा. ईटन आणि हॅरो या नामवंत शाळांत त्यांना घातले, पण आजारपणामुळे दोन्हीकडे फार दिवस राहता आले नाही. पुढचा अभ्यास खासगी शिक्षकाकडे झाला. 1861 मध्ये ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेले आणि 1865 मध्ये गणिताच्या परीक्षेत पहिले येऊन ‘सीनियर रँग्लर’ झाले. पुढे 1899 मध्ये र. पु. परांजपे यांनी मिळवला तो हाच मान.

1871 मध्ये आकाश निळे का दिसते याचे गणिती स्पष्टीकरण त्यांनी दिले. त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला. पुढच्याच वर्षी त्यांना संधिवाताच्या तापाने गाठले. घशाच्या जंतुसंसर्गानंतर उद्भवणारा हा विकार सांधे धरतो आणि हृदयाच्या झडपाही कायमच्या बिघडवू शकतो. पेनिसिलीन तेव्हा नव्हते. विश्रांती आणि उबदार हवा एवढाच उपाय. म्हणून 1872 चा हिवाळा पती-पत्नींनी इजिप्तमध्ये, नाईल नदीवरच्या घरनौकेत काढला. हाताशी ग्रंथालय नव्हते, प्रयोगशाळाही नव्हती. तरीही याच प्रवासात त्यांनी ‘द थिअरी ऑफ साउंड’ हा ग्रंथ लिहायला घेतला.

1873 मध्ये वडील वारले आणि ‘लॉर्ड रॅले’ ही पदवी व टर्लिंग येथील जमीन त्यांच्याकडे आली. शेतीची व्यवस्था काही वर्षांनी धाकट्या भावावर सोपवून ते घरातल्याच प्रयोगशाळेत रमले. दोरा, लाख, काचेच्या नळ्या अशा साध्या वस्तूंतून उपकरण उभे करायचे आणि त्यावर अचूक मोजमाप घ्यायचे, अशी त्यांची पद्धत होती. ग्रंथाचे दोन खंड 1877 आणि 1878 मध्ये प्रसिद्ध झाले.

बिनखोक्याच्या स्पीकरचे मर्म या ग्रंथात सापडते. नाक-कान-घसा तज्ज्ञांकडे असतो तो ट्यूनिंग फोर्क वाजवून हवेत धरला, तर आवाज अगदी क्षीण येतो. त्याची भुजा एका बाजूची हवा दाबते त्याच क्षणी दुसऱ्या बाजूची हवा विरळ होते. दाबलेली हवा कडेने वळसा घालून विरळ जागेत शिरते आणि आवाज बाहेर पडण्याआधीच बराचसा विरून जातो. फोर्क कानाजवळ हळूहळू फिरवला, तर एका फेरीत चार वेळा आवाज जवळजवळ नाहीसा होतो. भुजेला न टेकवता पुठ्ठ्याची कड तिच्याजवळ धरली, तर हवेची ती पळवाट अडते आणि आवाज वाढतो. जॉर्ज स्टोक्स यांनी 1868 मध्ये याचे गणित केले होते. रॅले यांनी ते ध्वनीच्या संपूर्ण शास्त्रात नीट गोवले.

स्पीकरची फळी नेमके त्या पुठ्ठ्याचेच काम करते. मात्र फळी तरंगलांबीच्या मानाने पुरेशी मोठी हवी. सेकंदाला 50 कंपनांच्या खर्जाची तरंगलांबी जवळजवळ सात मीटर असते. त्यामुळे अर्ध्या मीटरच्या फळीवर खर्ज पातळ होतो आणि त्याची भरपाई मोठ्या पडद्याने आणि जादा शक्तीने करावी लागते. उलट, उंच स्वरांची लांबी काही सेंटीमीटरच असल्याने रिबनला लहानशी चौकटही पुरते. फळीच्या कडेच्या दिशेला मात्र पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना खोडतात. त्यामुळे बाजूच्या भिंतींवर आवाज कमी आदळतो. मोकळ्या फळीची ही मोठी सोय आहे.

ऐकणाऱ्याच्या कानाकडेही रॅले यांचे तितकेच लक्ष होते. टर्लिंगच्या हिरवळीवर डोळे मिटून उभे राहायचे आणि आवाज कुठून आला ते ओळखायचे, असे प्रयोग त्यांनी केले. डावे-उजवे सहज कळे. पण फोर्कचा शुद्ध स्वर पुढून येतो आहे की मागून, याचा गोंधळ होई. 1907 मध्ये त्यांनी याचा उलगडा मांडला. खालच्या स्वरांत दोन कानांवर पोचणाऱ्या लहरी किंचित मागे-पुढे असतात. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असला तरी मेंदू तो टिपतो. वरच्या स्वरांत डोक्याचा आडोसा पडून एका कानाला आवाज मंद येतो. एका कानाने ऐकू न येणाऱ्याला रस्त्यावरचा हॉर्न ऐकू येतो, पण तो कोणत्या बाजूचा हे चटकन कळत नाही, त्याचे कारण हेच.

1879 मध्ये मॅक्सवेल यांच्या निधनानंतर रॅले केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. शेतीतली मंदी आणि घटलेले उत्पन्न हेही ती नोकरी पत्करण्याचे एक कारण होते. तेथे त्यांनी विजेच्या मापनाची एकके पक्की केली आणि प्रयोगाचे वर्ग स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने खुले केले. 1882 मध्ये त्यांनी धाग्याला टांगलेली एक छोटी चकती वापरून ध्वनी मोजायची रीत काढली. ध्वनीमुळे हवा हलली की चकती तिच्या वाटेत आडवी वळू पाहते. ही ‘रॅले चकती’ पुढे मायक्रोफोन पारखण्यासाठी अनेक वर्षे वापरात होती.

1884 मध्ये ते टर्लिंगला परतले. हवेतून मिळवलेला नायट्रोजन रासायनिक क्रियेतून मिळवलेल्या नायट्रोजनपेक्षा सुमारे अर्धा टक्का जड भरतो, हे त्यांच्या तराजूने दाखवले. इतका फरक चूक म्हणून सोडून देता आला असता. त्यांनी तो सोडला नाही आणि त्यातूनच विल्यम रॅमसे यांच्यासह आर्गॉन वायूचा शोध लागला. 1904 चे नोबेल पारितोषिक मिळाल्यावर ती रक्कम त्यांनी केंब्रिज विद्यापीठाला देऊन टाकली.

दीपगृहांचे काम पाहणाऱ्या संस्थेचे ते सल्लागार होते. धुक्यात जहाजांना इशारा देणाऱ्या भोंग्याचा आवाज समुद्रावर पसरायला हवा, आकाशात वाया जायला नको. त्यासाठी भोंग्याचे तोंड गोल न ठेवता अरुंद आणि उभट ठेवावे, असे त्यांनी सुचवले. उभी, अरुंद फट आवाज आडवा पसरवते आणि वर-खाली आवरते. उंच रिबनचा आवाजही याच नियमाने पसरतो.

30 जून 1919 रोजी रॅले यांचे निधन झाले. रिबनचा स्पीकर त्यांनी पाहिला नाही. जर्मनीत वॉल्टर शॉट्की आणि एर्विन गेरलाख यांनी तो 1920 च्या दशकात तयार केला. अमेरिकेत राइस आणि केलॉग यांचा आधुनिक लाउडस्पीकरही 1925 चा. मात्र घरातल्या टेबलावर फळी, पट्टी आणि चुंबक मांडून बसणारा हौशी कारागीर आजही रॅले यांच्याच वाटेने जातो. साधे सामान घेतो, नीट मोजतो आणि हिशेबात न बसणाऱ्या लहानशा फरकाचे कारण शोधतो.