हरिभाऊ आपटे : वाचक, समीक्षक आणि ग्रंथप्रसारक

हरि नारायण आपटे यांचा विचार मराठी समीक्षेने प्रामुख्याने कादंबरीकार म्हणून केला, आणि ते स्वाभाविकही आहे. तथापि त्यांच्या आयुष्याचा क्रम पाहिला तर कादंबरीकाराच्या आधी त्यांच्यातील समीक्षक जागा झालेला दिसतो. आणि इतरांचे लेखन वाचणे, पारखणे व वाचकांपर्यंत पोहोचविणे हे काम त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. या कामाचा त्यांच्या स्वतःच्या लेखनाशी असलेला संबंध मात्र सरळ नाही.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळा येथे झाला. बालपण मुंबईत व पुढील शिक्षण पुण्यात झाले. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये त्यांना विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि आगरकर यांचा सहवास लाभला. १८८२ साली विष्णुशास्त्री निवर्तले तेव्हा त्यांनी ‘शिष्यजनविलाप’ हे विलापकाव्य रचले. परंतु गुरूविषयीची ही भक्ती त्यांच्या वाङ्मयीन निर्णयाच्या आड आली नाही. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ या नावाने भाषांतर केले, त्यावर विशीच्या आतबाहेर असलेल्या या विद्यार्थ्याने ‘निबंधचंद्रिके’त ७२ पानांचा परीक्षणलेख लिहिला. मूळ शेक्सपिअर बारकाईने वाचल्याशिवाय असा लेख संभवत नाही. ‘निबंधमाले’ने मराठीत जी ग्रंथपरीक्षणाची शिस्त रुजवली, तिचे शस्त्र मालाकारांच्याच एका शिष्याने त्यांच्या सहकाऱ्याच्या ग्रंथावर चालवले, ही घटना मराठी समीक्षेच्या इतिहासात आजवर मिळाली त्याहून अधिक जागा मिळण्यास पात्र आहे.

महाविद्यालयीन शिक्षण पदवीपर्यंत गेले नाही. गणिताने वाट अडवली, असे चरित्रकार सांगतात. त्यावर फार रेंगाळण्याचे कारण नाही. परीक्षेच्या अभ्यासाबाहेरचे त्यांचे वाचन अफाट होते. शेक्सपिअर, मोलिएर, ह्यूगो, मेडोज टेलर आणि रेनॉल्ड्स ही नावे त्यांच्या लेखनात वेगवेगळ्या रूपांनी उमटलेली आहेत. १८८५ साली ‘पुणे वैभव’मध्ये आलेल्या ‘मधली स्थिति’वर रेनॉल्ड्सची छाया आहे, मेडोज टेलरवरून ‘म्हैसूरचा वाघ’ आला, मोलिएरवरून ‘मारून मुटकून वैद्यबोवा’ आणि ह्यूगोवरून ‘जयध्वज’. येथे एक विसंगती नजरेत भरते. आगरकरांच्या भाषांतराची कसून झडती घेणारा हा परीक्षक स्वतः रूपांतर करताना बरेच स्वातंत्र्य घेतो. मात्र या दोन वृत्तींमागील वाचक बदललेला आहे. परीक्षण मूळ ग्रंथ जाणणाऱ्यांसाठी होते. रूपांतर इंग्रजीचा गंध नसलेल्या घरांसाठी.

ही घरे हरिभाऊंना सापडली ती ‘करमणूक’मुळे. १८९० साली सुरू झालेले हे साप्ताहिक त्यांनी पाव शतकाहून अधिक काळ चालवले. ‘केसरी’ व ‘सुधारक’ यांच्या वादाच्या धुरळ्यात कुटुंबातील स्त्रियांना व मुलांना सहज वाचता येईल असे पत्र त्यांनी मुद्दाम वेगळे उभारले. ‘पण लक्ष्यांत कोण घेतो?’ ही याच पानांतून प्रकरणाप्रकरणाने वाचकांपर्यंत गेली. तिचा पसरटपणा हा क्रमशः प्रकाशनाचा दोष खराच. परंतु दर आठवड्याला अंकाची वाट पाहणारा वाचक हीही त्याच पद्धतीची निर्मिती होती आणि हा वाचक नसता तर यमूची कथा इतक्या घरांत शिरली नसती.

याच काळातील काशीबाई कानिटकरांशी असलेला त्यांचा वाङ्मयस्नेह महत्त्वाचा आहे. गोविंदराव कानिटकर हे ‘मनोरंजन आणि निबंधचंद्रिका’ या मासिकातील त्यांचे सहकारी. काशीबाई वयाने हरिभाऊंपेक्षा तीन वर्षांनी मोठ्या. त्यांच्या लेखनाला त्यांनी सातत्याने उत्तेजन दिले. मात्र हे नाते गुरुशिष्येचे असे म्हणून मोकळे होणे अपुरे ठरेल. स्त्रीच्या अंतरंगाविषयी लिहू पाहणाऱ्या पुरुष लेखकाला एका जाणत्या वाचक स्त्रीचा सहवास लाभला, हेही त्यात आहे.

दुसरीकडे आनंदाश्रमाची जबाबदारी होती. चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी १८८८ साली स्थापन केलेल्या या संस्थेतून संस्कृत हस्तलिखितांचा संग्रह आणि ग्रंथमालेचे प्रकाशन होत असे. तिच्या व्यवस्थेत हरिभाऊंचे आयुष्य वेचले गेले. एका हाताने स्वस्त साप्ताहिक आणि दुसऱ्या हाताने शास्त्रग्रंथांची संशोधित आवृत्ती, असा योग विरळा. त्यात पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपद, १९१२ च्या अकोला साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद, १९१५ ची मराठी भाषेवरील विल्सन व्याख्याने. ‘आजच’ आणि ‘कर्मयोग’ या कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या. हरिभाऊंच्या अपूर्ण कादंबऱ्यांची चर्चा करताना प्रतिभा आटल्याचे निदान केले जाते. रोजच्या कामाचा हिशेब मांडला तर ते निदान घाईचे वाटते.

त्यांच्या ग्रंथप्रसाराचे सर्वांत मोठे फळ कवितेच्या क्षेत्रात आले. केशवसुतांच्या अनेक कविता ‘करमणुकी’त प्रसिद्ध झाल्या होत्या. १९०५ साली हुबळी येथे प्लेगने केशवसुतांचा अंत झाला, तेव्हा त्यांच्या नावावर एकही कवितासंग्रह नव्हता. नियतकालिकांच्या जुन्या अंकांत विखुरलेली ती रचना एकत्र करून हरिभाऊंनी ‘केशवसुतांची कविता’ प्रसिद्ध केली, तोवर कवीच्या मृत्यूला दहाबारा वर्षे लोटली होती. विलंब झाला, हे नाकारता येणार नाही. पण पुढे आधुनिक मराठी कवितेचा आरंभ ज्या कवीपासून मानला गेला, त्याची कविता ग्रंथरूपाने अभ्यासकांच्या हाती आली ती या संग्रहामुळे. संपादकाच्या स्वतःच्या हातच्या कादंबऱ्या त्या वेळी अर्ध्यावर होत्या. ३ मार्च १९१९ रोजी पुण्यात हरिभाऊंचे निधन झाले, तेव्हाही त्या तशाच राहिल्या होत्या.