कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर : माळरानावर गाव वसविणारा पुरुष

सातारा व सांगली या जिल्ह्यांत राहणाऱ्या आपल्या ज्ञातिबांधवांपैकी पुणे-मिरज लोहमार्गाने प्रवास केला नाही असे कुटुंब विरळाच. त्या मार्गावर किर्लोस्करवाडी हे स्थानक लागते. पूर्वी त्याचे नाव कुंडल रोड असे होते. एका माणसाच्या उद्योगाने स्थानकाचे नाव पालटावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. तो पुरुष कोणत्या ज्ञातीत जन्मला हा प्रश्न येथे गौण होय. त्याच्यापासून आपण काय घ्यावे, एवढेच पाहावयाचे आहे.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील वेदान्ताचे व्यासंगी. मुलाची ओढ मात्र चित्रांकडे व यंत्रांकडे. सोलापुरास डॉक्टरी करणारे वडीलबंधू वासुदेवराव यांच्या पाठबळावर ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे त्यांस काही रंग नीट ओळखता येत नाहीत असे आढळून आले आणि चित्रकार होण्याची आशा मावळली. दुसरा एखादा खचून घरी परतला असता. लक्ष्मणरावांनी यंत्रांच्या रेखाटनाची विद्या हस्तगत केली आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत ते शिक्षक झाले. पुढे बढतीच्या वेळी त्यांस डावलले गेले, तेव्हा मानी स्वभावाच्या या शिक्षकाने ती नोकरी सोडली.

बेळगावास बंधू रामचंद्रपंत ऊर्फ रामूअण्णा यांच्यासह त्यांनी सायकलींचे दुकान चालविले. त्यातूनच किर्लोस्कर बंधूंचा कारखाना उभा राहिला. कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर ही त्यांची आरंभीची कामगिरी. परंतु लोखंडाने जमिनीस विषबाधा होते, अशी समजूत शेतकऱ्यांत रूढ होती. तयार नांगरांस गिऱ्हाईक मिळेपर्यंत सुमारे दोन वर्षे वाट पाहावी लागली. शेतकऱ्याची प्रत्यक्ष अनुभवाने खात्री पटली, तेव्हाच मागणी वाढू लागली.

इतक्यात नगराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा सोडण्याची वेळ आली. या अडचणीत औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी साह्यास धावले. औंध येथील एका बांधकामाच्या निमित्ताने त्यांनी लक्ष्मणरावांची सचोटी व कसब जवळून पाहिले होते. त्यांनी कुंडल रोडजवळची सुमारे 32 एकर जमीन दिली आणि भांडवलासाठी कर्जही दिले. जमीन म्हणजे निवडुंगाने माजलेला, साप-विंचवांचा माळ! मार्च 1910 मध्ये मोजकी कामगार कुटुंबे घेऊन लक्ष्मणराव तेथे उतरले.

या गावाचा पाया विश्वासाचा होता. शाळेत ज्यांचे चित्त रमले नाही अशा मुलांच्या हाती त्यांनी हत्यारे दिली व त्यांतून कुशल कारागीर घडविले. शिक्षा भोगून आलेल्या रामोशी बांधवांस समाज दारात उभे करीत नसे. लक्ष्मणरावांनी त्यांच्याकडेच वस्तीची राखण सोपविली. हा विश्वास त्या माणसांनी सार्थ केला. अस्पृश्यतेस वस्तीत थारा नव्हता. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत ही गोष्ट मुद्दाम नमूद करणे मला अगत्याचे वाटते.

यंत्रविद्येचा भार शंभूराव जांभेकरांनी, हिशेबाचा मंगेशराव रेग्यांनी, तर वस्तीच्या व्यवस्थेचा रामूअण्णांनी उचलला. नांगरापाठोपाठ उसाचे चरक व पाण्याचे पंप निघू लागले. शेतकऱ्याच्या हाती चांगले अवजार आले की त्याचे पीक वाढते, पीक वाढले की तो पुन्हा अवजार घेतो, आणि त्यातून आसपासच्या तरुणांस रोजगार मिळतो. हे चक्र या माळावर फिरू लागले. 1920 साली पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. पुढे तेच ‘किर्लोस्कर’ मासिक होऊन मराठी घराघरांत पोहोचले. चिरंजीव शंतनुराव यांनी उद्योगाचा विस्तार देशभर नेला. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांनी इहलोकीची यात्रा संपविली. तेव्हा हा प्रदेश दक्षिण सातारा जिल्ह्यात होता. 1960 पासून तो सांगली या नावाने ओळखला जातो.

मी आयुष्यभर खेड्यातील शाळेत शिकविले. माझे कित्येक हुशार विद्यार्थी आज पुण्या-मुंबईस आहेत व सुखात आहेत. परंतु गणितात मागे पडलेला, पण बिघडलेली मोटर उघडून पुन्हा चालू करणारा एक मुलगा मला अजून आठवतो. त्याला नापास ठरविताना मी त्याचे हात पाहिले नाहीत. पुढे तो गाव सोडून गेला. लक्ष्मणरावांचे चरित्र वाचताना ही चूक मला दरवेळी बोचते.

आपला संघ दरसाल उत्तम गुण मिळविणाऱ्यांचा सत्कार करतो, तो योग्यच आहे. त्याच व्यासपीठावर एखाद्या होतकरू कारागिरास, त्याची सचोटी पारखून, लहानसे कर्ज व चार वडीलधाऱ्यांचा आधार देता येणार नाही काय? औंधच्या अधिपतींनी एका माणसावर विश्वास टाकला आणि त्या माणसाने शेकडोंवर. बाळासाहेबांचे संस्थान 1948 साली विलीन झाले. त्यांनी टाकलेल्या विश्वासातून वसलेले गाव मात्र आजही नांदते आहे. सभासद बंधुभगिनींनी याचा विचार करावा, एवढीच नम्र विनंती.