महात्मा अय्यंकाली

फुले, शाहू, आंबेडकर ही नावे आमच्या घरांत लहान पोरांनाही पाठ आहेत. पण तिकडे केरळात आपल्यासारख्याच माणसांसाठी झुंजलेल्या अय्यंकालींची ओळख आमच्यापैकी बऱ्याच जणांना नाही. म्हणून या स्मरणिकेत त्यांच्याविषयी चार शब्द लिहीत आहोत.

त्यांचा जन्म 28 ऑगस्ट 1863 रोजी त्रावणकोर संस्थानात, तिरुअनंतपुरमजवळच्या वेंगानूर गावी पुलया जातीत झाला. गुलामगिरी कायद्याने 1855 सालीच बंद झाली होती. पण कायदा कागदावर! पुलयांनी जमीनदाराच्या भातशेतात राबायचे आणि सार्वजनिक रस्त्यावर पाऊल टाकायचे नाही, हीच रीत. शाळेचे तर नावच नको. अय्यंकालींनाही शाळा मिळाली नाही.

1893 साली त्यांनी बैलगाडी घेतली, पांढरे कपडे घातले, डोक्याला फेटा गुंडाळला आणि बंदी असलेल्या रस्त्यावरून गाडी हाकली. लोक अंगावर धावून आले, पण हे हटले नाहीत. त्या वर्षी आपले बाबासाहेब जेमतेम दोन वर्षांचे होते आणि महाडचा सत्याग्रह चौतीस वर्षे दूर होता, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

पण रस्ता मिळाला म्हणून पोरं शिकत नाहीत. 1904 साली वेंगानूरला आपल्या माणसांनी मिळून झोपडीवजा शाळा उभी केली. ती जाळली गेली. पुन्हा बांधली. 1907 साली त्यांनी साधुजन परिपालन संघ काढला आणि सरकारी शाळांत प्रवेश मागितला. दाद मिळेना, तेव्हा त्यांनी सांगून टाकले, की आमची मुले वर्गात बसणार नसतील तर तुमच्या शेतात गवत उगवेल. आणि खरोखरच पुलयांनी शेतावर जाणे बंद केले. मागण्या मजुरीच्या होत्या, तशा शाळेच्याही होत्या. हातावरचे पोट असलेल्या माणसांनी पोरांच्या पाटीपुस्तकासाठी उपास काढले, हे आम्हाला फार मोठे वाटते. उपासमार झाली तेव्हा कोळी बांधवांनी त्यांना होड्यांवर काम दिले. शेवटी जमीनदारांना नमावे लागले.

पुढे प्रवेशाचा हुकूम निघाला, तरी गावातल्या शाळांची दारे उघडेनात. पंचमी नावाच्या मुलीला हाताला धरून अय्यंकाली ऊरुट्टंबलमच्या शाळेत गेले. तिला बाकावर बसवले. त्यावरून दंगल झाली आणि शाळेलाच आग लावली. त्या आगीतून वाचलेला एक बाक तिथे अजून जपून ठेवला आहे, आणि शाळेला आता अय्यंकाली व पंचमी या दोघांचे नाव दिले आहे.

1911 साली ते श्रीमूलम प्रजासभेवर नेमले गेले. राजाच्या सभेत बसून हा शाळा न मिळालेला माणूस वर्षानुवर्षे जमीन, फीमाफी आणि प्रवेश हेच मागत राहिला. 1937 च्या जानेवारीत गांधीजी वेंगानूरला आले, तेव्हाही त्यांनी एकच इच्छा सांगितली : डोळे मिटण्याआधी आपल्या जातीतले दहा बी.ए. पाहायचे आहेत. 18 जून 1941 रोजी त्यांचे निधन झाले.